‘ग्राउच’ म्हणजे नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मालिकांना मराठी सबटायटल देण्याचे काम करताना काही शब्द हमखास अडून बसतात, आणि ‘ग्राउच’ हा त्यांतला एक आहे. इंग्रजी शिकणारे, भाषांतरात नव्याने उतरलेले सहकारी आणि ज्यांची नातवंडे परदेशात वाढत आहेत असे आजीआजोबा यांनी या शब्दाविषयी वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

‘ग्राउच’ या शब्दाचा अर्थ काय?

सदा वैतागलेला असणारा आणि तो वैताग इतरांना ऐकवत राहणारा माणूस, असा त्याचा साधा अर्थ आहे. चहा गार आहे, पंखा फार जोरात फिरतो, वर्तमानपत्र उशिरा आले, आणि वेळेवर आले असते तरी त्यात वाचण्यासारखे काही नसतेच, अशी ज्याची तक्रार सकाळी दात घासताना सुरू होते आणि रात्री दिवा मालवल्यावरही अंधारात थोडा वेळ चालू राहते, तो ग्राउच.

या अर्थात आंबट मनःस्थिती आणि तिचा आवाज या दोन गोष्टी एकत्र आहेत, हे आधीच लक्षात घेतलेले बरे, कारण पुढे मराठी प्रतिशब्द शोधताना सगळी अडचण येथूनच सुरू होते. ग्राहक मंचाकडे रीतसर अर्ज करणाऱ्या माणसाला कोणी ग्राउच म्हणत नाही. त्याच्या तक्रारीला कारण असते आणि निकाल लागला की ती संपते. ग्राउचला मात्र निकाल नकोच असतो. उद्या पंखा हळू केला तर तो उकाड्याविषयी बोलेल.

उच्चार आणि व्याकरण कसे आहे?

उच्चार ‘ग्राउच’ असा असून तो ‘काउच’ आणि ‘पाउच’ या मराठी कानांना सवयीच्या झालेल्या शब्दांशी जुळतो. अनेकवचन ‘ग्राउचेस’, विशेषण ‘ग्राउची’. कुरकुर करत राहणे या अर्थाने ‘टू ग्राउच’ हे क्रियापदही आहे. माणसाऐवजी नुसत्या त्या मनःस्थितीलाही पूर्वी ग्राउच म्हणत, त्यामुळे जुन्या अमेरिकी लेखनात एखाद्याच्या ‘अंगावर ग्राउच चढला आहे’ अशा धाटणीचे वाक्य आले तर चक्रावून जाऊ नये.

हा शब्द आला कुठून?

माणसासाठी ‘ग्राउच’ हा शब्द अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रुळला आणि तो बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बोलीतून वर आला. म्हणजे इंग्रजीच्या मानाने तो तरुण आहे. त्याचे घराणे मात्र फार जुने आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ग्रच’ असे एक क्रियापद होते, ज्याचा अर्थ पुटपुटणे, कुरकुरणे असा होता. ते जुन्या फ्रेंच भाषेतील त्याच अर्थाच्या क्रियापदावरून सुमारे १२०० च्या आसपास इंग्रजीत आले. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या लेखनात ते आढळते, आणि तेथेही एक बायको आपल्या नवऱ्याला ‘असे कण्हायला आणि कुरकुरायला तुम्हाला झाले तरी काय?’ असेच विचारते. सहाशे वर्षांत प्रसंग फारसा बदललेला नाही.

याच ‘ग्रच’चे पंधराव्या शतकात एक रूपांतर झाले आणि त्यातून ‘ग्रज’ हा शब्द तयार झाला, ज्याला आपण डूख किंवा आकस म्हणतो. भाऊबंद असूनही दोघांचे स्वभाव वेगळे निघाले. ‘ग्रज’ मनात धरायचा असतो, कधीकधी वर्षानुवर्षे, आणि तो बोलून दाखवला नाही तरी चालतो. ग्राउच काही मनात धरत नाही. त्याचे सगळे ओठांवर असते आणि बोलून झाले की त्याच माणसाकडे तो दुसरा कप चहा मागतो.

फ्रेंच भाषेतील ते मूळ क्रियापद ध्वनीवरून घडले असावे, असा भाषाभ्यासकांचा कयास आहे. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, धुसफुस हे आपले सगळे शब्द असेच कानातून जन्मलेले आहेत, आणि मोल्सवर्थच्या १८५७ मधील मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा अनुकरणवाचक शब्दांची रेलचेल आहे. नाराज माणसाच्या तोंडून निघणारा आवाज पॅरिसमध्ये आणि पैठणमध्ये फार वेगळा नसावा.

ग्राउचो मार्क्स या विनोदी नटाच्या नावाचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, पण कसा आहे याविषयी एकवाक्यता नाही. जाड मिशा, सिगार आणि वाकून चालण्याची ढब यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या अमेरिकी नटाचे खरे नाव ज्युलियस हेन्री मार्क्स होते (१८९०–१९७७). १९१४ मध्ये इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग येथे दौऱ्यावर असताना पत्त्यांचा डाव चालू होता, आणि आर्ट फिशर नावाच्या सहकलाकाराने पाने वाटता वाटता मार्क्स बंधूंना ‘ओ’ने संपणारी टोपणनावे बहाल केली. त्या काळी वर्तमानपत्रांतील चित्रमालिकांमुळे अशा नावांची टूम निघाली होती. हार्प वाजवणारा हार्पो झाला. ज्युलियसचा ग्राउचो झाला तो त्याच्या चिडक्या स्वभावामुळे, असे काही जण सांगतात. इतरांच्या मते त्याचे मूळ ‘ग्राउच बॅग’मध्ये आहे. दौऱ्यावरचे नट आपले पैसे ज्या लहान पिशवीत घालून ती गळ्यात अडकवत, तिला हे नाव होते. आपल्याकडे जत्रेला निघालेल्या म्हाताऱ्या कमरेला पैशांचा कसा खोचत, तशातलाच तो प्रकार.

कचऱ्याच्या डब्यात राहणारा तो हिरवा ग्राउच कोण?

जगभरातील मुलांना हा शब्द ज्याच्यामुळे माहीत झाला, तो हा ऑस्कर. १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांसाठीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑस्कर द ग्राउच हा बाहुला त्यात पहिल्यापासून आहे. पहिल्या वर्षी त्याचा रंग नारिंगी होता. पुढच्या वर्षी तो हिरवा होऊन आला, आणि एका दलदलीच्या ठिकाणी सुट्टीला गेलो होतो तेथे रात्रीत रंग बदलला, असे त्याने त्याचे स्पष्टीकरण दिले. ती जागा ओलसर आणि घाणेरडी असल्यामुळे त्याला अर्थातच फार आवडली होती.

ऑस्करला खेळवणारे कॅरल स्पिनी यांनी त्याचा आवाज न्यूयॉर्कमधील एका टॅक्सीचालकावरून उचलला. पहिल्या दिवशी कामावर जाताना भेटलेल्या त्या चालकाने ज्या खरखरीत सुरात ‘कुठे जायचे?’ असे विचारले, तो सूर त्यांनी स्टुडिओपर्यंत तोंडात घोळवत नेला, अशी आठवण ते सांगत असत. याच कार्यक्रमातला बिग बर्ड हा अवाढव्य, भाबडा, सर्वांवर विश्वास टाकणारा पिवळा पक्षीही स्पिनी हेच खेळवत असत. एकाच माणसाच्या एका हातात ही कुरकुर आणि दुसऱ्या हातात तो भाबडेपणा सुमारे पाच दशके नांदला. स्पिनी २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या कार्यक्रमाचा ‘गली गली सिम सिम’ हा हिंदी अवतार २००६ मध्ये भारतात आला, त्यामुळे त्या पिढीतील मराठी मुलांनाही या घराण्याची तोंडओळख आहे.

ऑस्करमुळे शब्दाच्या अर्थात एक भर पडली आहे, आणि मला ती महत्त्वाची वाटते. ऑस्कर दुःखी नाही. पाऊस पडला, कुणाचे काही बिघडले, डब्यात नवा कचरा आला की तो खूश होतो. लोक आनंदाने गाऊ लागले की झाकण आपटून आत जातो. स्लायमी नावाच्या पाळीव गांडुळावर मात्र त्याचा जीव आहे. सगळे शेजारी त्याच्या डब्यापाशी थांबतात, बोलतात, झिडकारले जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबतात. त्याला सुधारण्याचा प्रयत्न तेथे फारसा कोणी करत नाही. गल्लीत अशा माणसाचीही एक जागा असते, हे त्या कार्यक्रमाने गृहीत धरलेले आहे, आणि आज इंग्रजी बोलणारे ज्या प्रेमळ सुरात ‘ग्राउच’ म्हणतात त्यात या डब्याचा वाटा मोठा आहे.

ही शिवी आहे का? मोठ्या माणसाला असे म्हटलेले चालते का?

शिवी नाही. अनौपचारिक, थोडी चिडवणारी, बहुतेकदा आपलेपणाची हाक आहे. मात्र ती कोण कोणाला मारतो यावर बरेच अवलंबून असते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त गृहस्थ एका रविवारी सकाळी मोबाइल हातात धरून माझ्याकडे आले. न्यू जर्सीत राहणारी त्यांची सात वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर त्यांना म्हणाली होती, ‘आजोबा, यू आर सच अ ग्राउच!’

‘अहो, हे ग्राउच म्हणजे काय प्रकरण आहे?’ त्यांनी विचारले. ‘म्हणाली हसत हसतच. पण सूनबाई तिला लगेच दटावायला लागली, म्हणून शंका आली.’

त्याआधी तुमचे काय बोलणे चालले होते, असे मी विचारले.

‘काही नाही हो. लिफ्ट तीन दिवस बंद आहे, दूधवाला पाणी घालतो, आणि हल्लीच्या हापूसला पूर्वीची चव राहिलेली नाही, एवढंच सांगितलं.’

मी अर्थ सांगितला. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी कुरकुऱ्या? यात कुरकुर कुठे आहे? ही वस्तुस्थिती आहे.’ एवढे बोलून त्यांनी कप खाली ठेवला आणि आमच्या चहात आले जास्त झाल्याचे माझ्या नजरेस आणून दिले.

नातीचे काही चुकले नव्हते, कारण अमेरिकेतल्या घरात नातवंडे आजोबांना असे सहज म्हणतात. सूनबाईंचेही चुकले नव्हते, कारण त्यांच्या डोक्यात त्या शब्दाचे मराठी चालू होते, आणि मराठीत आजोबांना तोंडावर ‘कुरकुऱ्या’ म्हणण्याची सोय नाही. कार्यालयात मात्र हा शब्द जपून वापरावा. वरिष्ठांना ईमेलमध्ये ग्राउच म्हणणे अमेरिकेतही शहाणपणाचे नाही, आणि सहकाऱ्याने केलेल्या रास्त तक्रारीवर हा शब्द चिकटवला तर ती तक्रार झटकून टाकल्यासारखे होते.

याला मराठीत नेमका शब्द कोणता?

एकच एक शब्द सुचवा, असा आग्रह धरणाऱ्यांची निराशा करावी लागते. मराठीत वैतागलेल्या माणसांसाठी शब्दांचा दुष्काळ मुळीच नाही. उलट इतके आहेत की प्रत्येकाने आपापली हद्द आखून घेतली आहे, आणि ग्राउच त्या हद्दींवर पाय पसरून बसतो.

‘तुसडा’ आणि ‘तिरसट’ हे शब्द स्वभावाचे आहेत. तुसडा माणूस दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, विचारले तर तोडून बोलतो आणि दार लावून घेतो. तिरसटाला सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर देणे जड जाते. या दोघांनाही तक्रार करायची हौस असतेच असे नाही, किंबहुना तुसडा माणूस इतके बोलणारच नाही. ‘माणूसघाणा’ तर त्याही पलीकडचा आहे. ऑस्करच्या डब्यापाशी रोज गर्दी असते, तेव्हा त्याला माणूसघाणा म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरीकडे ‘कुरकुऱ्या’, ‘किरकिऱ्या’ आणि ‘तक्रारखोर’ हे शब्द आवाजाचे आहेत. यांत बोलणे आहे, पण ग्राउचच्या चेहऱ्यावरचे ते कायमचे ढग नाहीत. शिवाय किरकिरे म्हटले की आधी तान्हे मूल डोळ्यांपुढे येते. ‘रडतराऊ’ हा शब्द मला फार आवडतो, पण त्यात दीनवाणेपणा आहे. घोड्यावर बसवलेला रडतराऊ मनाविरुद्ध बसलेला असतो आणि त्याची कीव येते. ग्राउचची कीव करायला गेलात तर तो खेकसेल. ‘चिडका’ म्हणजे पटकन भडकणारा, आणि खेळात हरल्यावर रडीचा डाव खेळणारा चिडका बिब्बा तर शाळेतच सोडून आलेला बरा. राग येणे ही एक घटना असते, ग्राउचचे मात्र ते हवामान असते.

‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’ हे वर्णन अचूक आहे आणि ज्यांनी लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल घेतलेले आहे त्यांना त्यातली अचूकता समजावून सांगावी लागत नाही. पण ते एका वेळेच्या चेहऱ्याचे वर्णन झाले, आणि सबटायटलच्या ओळीत ते मावतही नाही.

माझ्यापुरता मी असा निवाडा केलेला आहे की, संदर्भात बोलणे महत्त्वाचे असेल तर ‘कुरकुऱ्या’ आणि स्वभाव महत्त्वाचा असेल तर ‘तिरसट’ घ्यावा. लहान मुलांच्या कार्यक्रमात ‘कुरकुऱ्या’च घ्यावा, कारण तो उच्चारताना मुलांना हसू येते आणि मूळ शब्दातला खेळकरपणा थोडा तरी उरतो.

‘खडूस’ का चालणार नाही? सगळे तर तोच वापरतात.

बोलण्यात चालतो, आणि कित्येक ठिकाणी उत्तम बसतो. अडचण अशी आहे की खडूसपणात एक कोरडा, हिशेबी कठोरपणा आहे. खडूस घरमालक भाडे एक दिवसही उशिरा घेत नाही, खडूस शिक्षक अर्धा गुण वाढवत नाहीत. ते कुरकुर करत नाहीत, कारण त्यांना त्याची गरज पडत नाही. सत्ता त्यांच्या हातात असते. ग्राउचच्या हातात बहुतेक वेळा काहीही नसते आणि म्हणूनच तो बोलत राहतो.

शिवाय मुंबईच्या क्रिकेटने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला आहे. २०२४ पर्यंत ४२ वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या या संघाच्या परंपरेत ‘खडूस’ ही चक्क शाबासकी आहे. विकेट फेकायची नाही, प्रतिस्पर्ध्याला सहजासहजी काही द्यायचे नाही, सामना हातातून गेल्यासारखा वाटला तरी खेळपट्टीला चिकटून राहायचे, याला मैदानावर खडूसपणा म्हणतात. शिवाजी पार्कवर घडलेल्या वाचकाला ‘खडूस’ वाचून अभिमान वाटण्याची शक्यता असेल, तर तेथे तो शब्द ग्राउचसाठी वापरणे धोक्याचे आहे.

पुणेरी पाट्या लावणारा माणूस ग्राउच म्हणायचा का?

हा प्रश्न गमतीने विचारला जातो, पण त्यात तथ्य आहे. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ असे फाटकावर रंगवून घेणारा आणि बेल एकदाच वाजवण्याविषयी बजावणारा माणूस ग्राउचच्या अगदी जवळ जातो, विशेषतः लोक त्याच्या पाट्यांचे कौतुकाने फोटो काढतात या बाबतीत. फरक एवढाच की पाटीवाल्याने आपली कुरकुर एकदाच, मोजक्या शब्दांत आणि शुद्धलेखन तपासून मांडलेली असते. ग्राउचला इतकी शिस्त परवडत नाही.

ग्राउचला इंग्रजीत आणखी कोणते शब्द आहेत आणि त्यांत फरक काय?

‘ग्रम्प’ आणि त्यावरून आलेले ‘ग्रम्पी’ हे सर्वांत जवळचे. यात तक्रारीपेक्षा फुगलेले तोंड अधिक आहे. झोप न झालेले मूल ग्रम्पी असते, आणि २०१२ मध्ये इंटरनेटवर प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी मांजरीला ‘ग्रम्पी कॅट’ म्हटले गेले ते तिच्या जबड्याच्या जन्मजात ठेवणीमुळे कायम नाराज दिसणाऱ्या चेहऱ्यावरून. ती काही बोलली नव्हती, त्यामुळे तिला ग्राउच म्हणणे बरोबर झाले नसते.

‘सावरपस’ हा शब्द १९३०च्या दशकातील अमेरिकी बोलीतला आहे. ‘सावर’ म्हणजे आंबट, आणि यातल्या ‘पस’चा मांजराशी संबंध नसून आयरिश भाषेतील ओठ, तोंड या अर्थाच्या शब्दाशी आहे. ‘क्रॉसपॅच’ हा सुमारे तीनशे वर्षे जुना, आता बहुतांशी बालगीतांपुरता उरलेला शब्द आहे. त्यातील ‘पॅच’ म्हणजे विदूषक, आणि इंग्लंडच्या कार्डिनल वुल्झी याच्या विदूषकाला याच नावाने ओळखत. ‘क्रॅबी’ म्हणजे खेकड्यासारखा, पण भाषांतर करताना खेकडा जसाच्या तसा उचलू नये, कारण मराठीतला खेकडा वर चढणाऱ्याचे पाय ओढतो. ‘खेकसणारा’ असे म्हटले तर अर्थही साधतो आणि कानाला खेकडाही थोडा ऐकू येतो.

‘कर्मजन’ हा या मंडळींतला वडीलधारा. मराठी डोळ्यांना हा शब्द ‘कर्म’ आणि ‘जन’ यांचा समास वाटतो, आणि अशा माणसाबरोबर संसार केलेल्यांना ती व्युत्पत्ती पटेलही. प्रत्यक्षात तो इंग्रजीत १५७७ पासून आढळतो आणि त्याचे मूळ अज्ञात आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात, दुष्ट हृदय या अर्थाच्या ‘कर मेशाँ’ या फ्रेंच शब्दांवरून तो आला असावा, असे नोंदवले, आणि ही माहिती ‘एका अज्ञात पत्रलेखकाकडून’ मिळाल्याचे प्रामाणिकपणे पुढे लिहिले. वीस वर्षांनी, १७७५ मध्ये, जॉन अ‍ॅश यांनी आपला कोश काढताना ही नोंद घाईने उचलली आणि ‘कर’ म्हणजे ‘अज्ञात’ व ‘मेशाँ’ म्हणजे ‘पत्रलेखक’ असे छापून टाकले. कोशकारांच्या चुकांमध्ये या चुकीला मानाचे पान आहे. आज कर्मजन म्हणजे वयाने वाढलेला, मतांचा पक्का, चिडका पण बुद्धिमान माणूस, आणि काही लेखक ही उपाधी स्वतःला हौसेने लावून घेतात. ग्राउचला असा रुबाब नाही.

ब्रिटनमध्येही ग्राउचच म्हणतात का?

समजतो सर्वांना, पण शब्दाचा वास अमेरिकी आहे. ब्रिटिश माणूस ‘मोनर’ किंवा ‘व्हिंजर’ म्हणेल. मोन म्हणजे कण्हणे, आणि व्हिंज म्हणजे नाकातल्या सुरात रडगाणे लावणे. ‘मोनिंग मिनी’ असाही एक प्रयोग तेथे आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ‘मीनेनवेर्फर’ या तोफांचे गोळे कण्हल्यासारखा आवाज करत यायचे, म्हणून सैनिकांनी त्यांना हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई हल्ल्याच्या भोंग्यांनाही लावले गेले, आणि सदा तक्रार करणाऱ्यांसाठी ते कायमचे राहिले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८५ मध्ये बेकारीविषयी बोलणाऱ्या टीकाकारांना उद्देशून हाच शब्द वापरला, तेव्हा वाद झाला. काम नसलेल्या माणसाच्या गाऱ्हाण्याला कुरकुर म्हटले की असे होणारच.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकांना ‘व्हिंजिंग पॉम’, म्हणजे कुरकुरणारा ब्रिटिश, हा ऑस्ट्रेलियन प्रयोग ओळखीचा असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अवघ्या १० पौंडांच्या भाड्यात हजारो ब्रिटिश कुटुंबे ऑस्ट्रेलियात वसायला गेली आणि तेथील ऊन, माश्या आणि चहा यांविषयी बोलू लागली, अशी ऑस्ट्रेलियनांची समजूत आहे. अ‍ॅशेस मालिकेत खेळपट्टीविषयी इंग्लंडकडून एखादा शब्द निघाला की तिकडच्या वर्तमानपत्रांत हे दोन शब्द छापायला तयारच असतात.

‘ग्राउस’ आणि ‘ग्राउच’ एकच का?

नाही. ‘ग्राउस’ या क्रियापदाचा अर्थही कुरकुरणे असाच आहे, पण ते एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतून आले. त्याच नावाच्या पक्ष्याशी त्याचा संबंध नाही. वर्तमानपत्री मथळ्यांत ते हमखास भेटते.

स्त्रीलाही ग्राउच म्हणतात का?

इंग्रजीत म्हणतात, कारण त्या शब्दाला लिंग नाही. मराठीत मात्र वाक्य सुरू करण्यापूर्वीच लिंग ठरवावे लागते, आणि तेथे एक जुनी असमानता उघडी पडते. चिडक्या, तक्रारी करणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे पटकन ‘खाष्ट’ किंवा ‘कजाग’ हे शब्द येतात. त्यांत छळ आहे, भांडण आहे, सुनेच्या ताटातली पोळी मोजणारी सासू आहे. ग्राउचचा निरुपद्रवीपणा त्यांत औषधालाही नाही. म्हाताऱ्या पुरुषाची कुरकुर ऐकून हसायचे आणि बाईने तेवढेच बोलले तर तिला खाष्ट ठरवायचे, ही आपल्या शब्दसंग्रहाची खोड आहे. एका मालिकेत ग्राउच म्हटली गेलेली आजी पहिल्या मसुद्यात ‘खाष्ट म्हातारी’ झाली होती. मी ते खोडून ‘कुरकुरी आजी’ केले. पडद्यावरची आजी बदलली नव्हती, तरी तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली.

‘डोन्ट बी सच अ ग्राउच’ या वाक्याचे भाषांतर कसे करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. ‘असा ग्राउच होऊ नकोस’ या साच्यात मराठी शब्द बसवून ‘असा कुरकुऱ्या होऊ नकोस’ असे लिहिण्याचा मोह टाळावा, कारण असे कोणत्याही घरात कोणी बोलत नाही. मराठीत आपण माणसाला नाव ठेवण्याऐवजी त्याच्या वागण्याला आवरतो, आणि तेही नाते पाहून. मित्र मित्राला म्हणेल, ‘बास झाली तुझी पिरपिर.’ आई मुलाला म्हणेल, ‘आता तोंड फुगवून बसू नकोस.’ जुन्या वळणाची बायको नवऱ्याला म्हणेल, ‘अहो, किती ती कुरकुर!’ आणि नव्या वळणाची म्हणेल, ‘ए, सकाळी सकाळी सुरू नको होऊस.’ चारही वाक्यांतून ग्राउच हे नाम नाहीसे झाले आहे आणि तरी तो माणूस खोलीत बसलेला जाणवतो.

नातीने आजोबांना म्हणायचे असेल तर माझ्या मते ‘आजोबा, झाली का कुरकुर सुरू?’ हे पुरेसे आहे. तळमजल्यावरच्या गृहस्थांना मी हे वाक्य ऐकवले. वाक्य ठीक आहे, पण शेवटच्या प्रश्नचिन्हाची गरज नव्हती, असे त्यांचे म्हणणे पडले.